तपासणीची फी कोणत्या मापाने मोजायची?

व्यापारी जागांमधील विद्युत मांडणीच्या सरकारी तपासणीवर गेल्या अंकात या सदरात एक टिपण आले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख तपासणीपेक्षा तपासणीच्या फीवर आहे. यात नवल काही नाही. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आहे हे दुकानदाराला दिसत नाही, चालान मात्र दिसते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून वगळली आहेत.

प्रश्न : माझे मिठाईचे दुकान असून मागच्या बाजूस भट्ट्या, शीतकपाटे आणि खवा घोटण्याची यंत्रे आहेत. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाकडून तपासणी फी भरण्याची नोटीस आली आहे. दर महिन्याच्या वीज बिलात मी वीज शुल्क भरतोच. मग ही वेगळी फी कशासाठी? एकाच विजेवर सरकार दोनदा पैसे घेत नाही काय? (कोल्हापूर)

उत्तर : नाही, कारण या दोन रकमा दोन वेगळ्या कारणांसाठी घेतल्या जातात. आपल्या बिलातील वीज शुल्क हा नावाने शुल्क असला तरी प्रत्यक्षात कर आहे. तो महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियम, 2016 अन्वये आकारला जातो. त्यापूर्वी 1958 चा मुंबई अधिनियम लागू होता. व्यापारी ग्राहकाला त्याचा दर 21 टक्के आहे आणि तो आपण किती वीज वापरली यावर चालतो. ही वीज सुरक्षित तारांतून वाहिली की उंदरांनी कुरतडलेल्या, याच्याशी त्या कराला कर्तव्य नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या 53 व्या नोंदीतून राज्याला हा अधिकार मिळतो.

तपासणीची फी मात्र समवर्ती सूचीतून येते. वीज हा विषय त्या सूचीच्या 38 व्या नोंदीत असून त्या सूचीतील विषयांसंबंधी फी घेण्याचा अधिकार 47 व्या नोंदीत आहे. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 162 अन्वये शासन मुख्य विद्युत निरीक्षक आणि विद्युत निरीक्षक नेमते, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार हे निरीक्षक मांडणीची तपासणी करतात. हे विनियम प्रथम 2010 मध्ये आले आणि 2023 मध्ये नव्याने करण्यात आले. त्यांच्याही आधी 1956 चे भारतीय विद्युत नियम होते आणि जुने ठेकेदार आजही त्यांतील नियमांचे क्रमांक तोंडपाठ सांगतात. या फीच्या बदल्यात कोणीतरी जाणकार माणूस आपल्या भट्टीमागच्या पॅनलपर्यंत येऊन मेगर (तारांच्या आवरणाचा रोध मोजण्याचे उपकरण) लावणे अपेक्षित आहे. तो येतो की नाही हा वेगळा प्रश्न असून त्यावर पुढे एक पत्र आहेच.

गोंधळ होण्याचे आणखी एक कारण असे की, शासनाच्या हिशेबात या दोन्ही रकमा 0043 या एकाच प्रधान शीर्षाखाली जमा होतात आणि त्या शीर्षाचे नावच ‘विजेवरील कर व शुल्के’ असे आहे. पोटशीर्षे मात्र निराळी आहेत.

प्रश्न : आमच्या व्यापारी संकुलात 62 गाळे आहेत. तळमजल्यावरील मीटरखोली, प्रत्येक मजल्यावरील वितरण पेट्या आणि डीजी सेट (डिझेल जनित्र) धरून सगळा भार 75 किलोवॅटच्या आसपास जातो. ओळखीच्या एका शीतगृहाचा भारही तेवढाच आहे. दोघांची फी सारखीच निघते, असे आम्हाला सांगण्यात आले. ही फी ठरवते कोण, आणि कोणत्या मापाने? (नाशिक)

उत्तर : हा प्रश्न या सगळ्या विषयाच्या मुळाशी जातो, म्हणून त्याचे उत्तर थोडे लांबवावे लागेल.

फी ठरवण्याचा अधिकार ‘समुचित शासना’चा, म्हणजे आपल्या बाबतीत राज्य शासनाचा आहे. 1956 च्या नियमांत आणि 2010 च्या विनियमांत यासंबंधीची शब्दयोजना जवळपास एकच होती : ग्राहकांच्या प्रत्येक वर्गासाठी शासनाने फी ठरवावी आणि ग्राहकाने ती आगाऊ भरावी. यातील ‘प्रत्येक वर्गासाठी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सर्वांना एकच दर लावण्याचे बंधन शासनावर नाही, पण वर्ग कोणत्या तत्त्वावर पाडायचे तेही कायद्याने सांगितलेले नाही. ती मोकळीक राज्यांनी बहुतेक एकाच प्रकारे वापरली आहे. लघुदाब ग्राहकांसाठी किलोवॅटमधील भाराचे टप्पे, उच्चदाब ग्राहकांसाठी रोहित्राची केव्हीए क्षमता, जनित्रांसाठी त्यांची क्षमता, आणि निऑन फलक, क्ष-किरण यंत्रे, सिनेमागृहे यांसारख्या गोष्टींसाठी स्वतंत्र ओळी, असा दरपत्रकाचा सर्वसाधारण साचा असतो.

भाराचे माप का निवडले गेले हे समजण्यासारखे आहे. भार कागदावर असतो. वीज कंपनीच्या नोंदीत मंजूर भार लिहिलेला असल्याने जागेवर न जाताही कारकून फीची नोटीस काढू शकतो, आणि त्यात कोणाच्या मर्जीला वाव राहत नाही. सरकारी दरपत्रकात हा गुण लहान नव्हे. ज्या दरपत्रकात ‘मांडणीच्या गुंतागुंतीनुसार’ असे शब्द येतील, त्या दरपत्रकाची अंमलबजावणी टेबलाखालून सुरू होण्यास वेळ लागणार नाही.

तरीही आपली तक्रार खरी आहे; फरक एवढाच की ती कदाचित आपल्या विरुद्ध जाईल. शीतगृहात 75 किलोवॅटचा भार बहुधा एकदोन मोठ्या कॉम्प्रेसर मोटारींवर असतो. एक मुख्य पॅनल, दोन स्टार्टर, थोडे दिवे. निरीक्षक आणि त्याचा सहायक हे काम काही तासांत उरकू शकतात. आपल्या संकुलात तेवढाच भार 62 गाळ्यांत विभागलेला आहे. प्रत्येक गाळ्यात भाडेकरू बदलताना नवे वायरिंग झालेले, कोठे जुन्या तारेला नवी तार पीळ मारून जोडलेली, कोठे 16 अँपिअरच्या सॉकेटवर पट्टी लावून तीन शेगड्या चालवलेल्या. त्यातच संगणक, यूपीएस आणि एलईडी दिवे असले की तिसऱ्या क्रमाचे हार्मोनिक प्रवाह, म्हणजे मूळ प्रवाहाच्या तिप्पट वारंवारतेचे प्रवाह, न्यूट्रलमध्ये परस्परांना छेद न देता बेरजेने येतात. त्यामुळे फेजच्या तारा थंड असताना न्यूट्रल तापलेली सापडते. तपासणाऱ्याला हे सगळे डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणजे कामाच्या हिशेबाने पाहिले तर शीतगृहाची फी कमी आणि आपली जास्त असायला हवी. या सदराच्या लेखकाचा निम्मा जन्म अशा पॅनलांसमोर उभे राहण्यात गेला असल्याने हे मत कदाचित एकतर्फी वाटेल, पण स्टॉपवॉच लावून कोणीही त्याची खातरजमा करावी.

फी मुळात किती असावी, हे काढण्याची एक सरळ रीत आहे. पुढचे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले आहेत, ते कोणत्याही कार्यालयाचे नाहीत. समजा, एका विभागीय कार्यालयाचा वेतन, वाहन, उपकरणे आणि जागा धरून वर्षाचा खर्च 60 लाख रुपये आहे आणि तेथे चार निरीक्षक आहेत. रविवार, सुट्ट्या आणि रजा वगळता एका निरीक्षकाच्या हाती सुमारे 200 दिवस उरतात. त्यांपैकी 80 दिवस अपघातांची चौकशी, न्यायालयातील साक्षी आणि इतर शासकीय कामांत जातात असे धरू. उरलेल्या 120 दिवसांत दिवसाला दोन याप्रमाणे 240 तपासण्या, म्हणजे चौघांच्या मिळून 960. येथे एक महत्त्वाची काळजी घ्यावी लागते. विजेच्या अपघाताची चौकशी, जिचा उल्लेख अधिनियमाच्या कलम 161 मध्ये आहे, ती समाजासाठी केलेली असते. तिचा खर्च मिठाईवाल्याच्या वा गाळेधारकाच्या फीत मिसळणे रास्त नाही, तो सर्वसाधारण करांतूनच भागला पाहिजे. म्हणून 60 लाखांपैकी तपासणीच्या वाट्याचा 60 टक्के, म्हणजे 36 लाख एवढाच खर्च घ्यायचा. त्याला 960 ने भागले की एका सरासरी तपासणीला 3,750 रुपये पडतात. नियतकालिक तपासणीचे अंतर पाच वर्षांहून अधिक नसावे असा नियम आहे; पाच वर्षांनी एकदा तपासणी झाली तर हा बोजा वर्षाला 750 रुपये होतो. आता हे 3,750 रुपये लहान-मोठ्या कामांत कसे वाटायचे एवढाच प्रश्न उरतो, आणि तेथे भाराबरोबरच वितरण पेट्यांची संख्या धरावी असे आमचे मत आहे. पेट्या मोजता येतात, त्यांत वाद नसतो, आणि निरीक्षकाचा वेळ भारापेक्षा त्यांच्याशी अधिक जुळतो.

टप्प्यांच्या रचनेतही एक खोट असते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पुन्हा कल्पित उदाहरण घेऊ. 10 किलोवॅटपर्यंत 500 रुपये, 50 पर्यंत 1,500 आणि 100 पर्यंत 3,000 असे टप्पे असतील, तर 49 किलोवॅटवाला 1,500 भरतो आणि 51 किलोवॅटवाला 3,000. दोन किलोवॅटसाठी फी दुप्पट झाली की माणूस काय करतो? तो भार 49 च दाखवतो आणि वरची दोन वातानुकूलन यंत्रे कागदाबाहेर चालवतो. सुरक्षेसाठी आखलेल्या फीनेच भार लपवण्याचा मोह निर्माण केला, असे होते. याऐवजी पहिल्या 10 किलोवॅटला 500 आणि पुढच्या प्रत्येक किलोवॅटला 25 रुपये असा दर ठेवला, तर पहिल्याची फी 1,475 आणि दुसऱ्याची 1,525 येते. शासनाचे उत्पन्न काहीसे घटेल, पण खोटे बोलण्याचे कारण उरत नाही.

फी वेळोवेळी थोडी थोडी वाढावी की बऱ्याच वर्षांनी एकदम वाढावी, याबद्दलही आपण विचारले आहे. व्यापाऱ्याला पहिली रीत सोसते. सरकारला दुसरी सोयीची वाटते, कारण प्रत्येक वाढीसाठी नस्ती वित्त विभागातून फिरवून आणावी लागते.

प्रश्न : शासन ठरवेल ती फी निमूटपणे भरायची, की न्यायालयाने त्याला काही मर्यादा घातली आहे? सिनेमागृहांसाठी वेगळी तपासणी फी असते असे ऐकले, तेही खरे आहे का? (सोलापूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यातूनच पहिल्याचे उत्तर निघते. शासनाच्या लेखाशीर्षांत 0043 खाली सिनेमागृहांच्या विद्युत तपासणीच्या फीचे स्वतंत्र पोटशीर्ष आहे. एकपडदा सिनेमागृहांच्या जमान्याची ती खूण आहे. अंधार, गर्दी आणि प्रक्षेपण कक्षातील उष्णता हे तिन्ही एकत्र आले की विजेचा लहानसा दोषही जीवघेणा ठरतो. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 59 माणसे गेली. आगीची सुरुवात इमारतीतच बसवलेल्या वीज मंडळाच्या रोहित्रापासून झाली होती.

मर्यादेबद्दल सांगायचे तर, सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात फी आणि कर यांतील भेद मांडला. हे शिरूर पुणे जिल्ह्यातील नव्हे, उडुपीच्या अष्टमठांपैकी एक. करदात्याला त्याच्या पैशाच्या बदल्यात विशिष्ट असे काही मागता येत नाही, फी मात्र एखाद्या सेवेच्या मोबदल्यात असते, असे त्या निकालाचे सार आहे. त्यानंतर साठच्या दशकात कलकत्त्याच्या लिबर्टी सिनेमाचे प्रकरण आले. त्या सिनेमागृहाची महापालिकेची परवाना फी वर्षाला 400 रुपयांवरून, आसनसंख्या आणि खेळ यांच्या हिशेबाने, 6,000 रुपयांवर गेली होती. बदल्यात सेवा कोणती, असा मालकांचा सवाल होता. न्यायालयाच्या बहुमताने असे ठरवले की ही आकारणी सेवेचा मोबदला नाही, तो कर आहे, आणि कायद्याने अधिकार दिलेला असल्याने वैध आहे. म्हणजे मालक तत्त्वाने जिंकले आणि पैशाने हरले.

पुढे 1983 च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स प्रकरणात न्यायालयाने फी आणि सेवा यांचे रुपया-आण्याचे गणित जुळलेच पाहिजे हा आग्रह सैल केला. दोहोंत ढोबळ मानाने संबंध असला की पुरे. 1999 च्या सिकंदराबाद-हैदराबाद हॉटेलमालकांच्या प्रकरणात, नियमनासाठी घेतलेल्या परवाना फीला सेवेच्या मोबदल्याची गरज नाही, पण ती अवाजवी असता कामा नये, अशी भूमिका घेतली गेली. विद्युत तपासणीची फी या दोन प्रकारांच्या सीमेवर बसते असे आम्हाला वाटते : ती नियमनासाठी आहे, पण तिच्या पोटात तपासणी ही ठोस सेवाही आहे. म्हणून फी काहीशे रुपयांनी वाढली एवढ्याच मुद्द्यावर न्यायालयात जाणे व्यर्थ ठरेल. पण फी घेतली आणि तपासणी झालीच नाही, हा मुद्दा अधिक वजनाचा आहे.

फी म्हणून जमा झालेला पैसा विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला मिळतो अशी अनेकांची समजूत दिसते. तसे नसते. अनुच्छेद 266 प्रमाणे तो राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि कार्यालयाला विधिमंडळाने मंजूर केलेलाच खर्च करता येतो. फी दुप्पट झाली म्हणून निरीक्षक दुप्पट होत नाहीत. फीवाढीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत किती पदे रिकामी आहेत हा आकडा छापावा, अशी आमची जुनी सूचना आहे.

प्रश्न : आमचे मंगल कार्यालय आहे. फी भरून चौदा महिने झाले. दोनदा फोन केला, ‘येऊ’ असे सांगितले, कोणीही आले नाही. आता नवी नोटीस येईल अशी भीती वाटते. आम्ही काय करावे? (अमरावती)

उत्तर : फोन हा पुरावा नव्हे. आता लेखी अर्ज करावा, त्यात चालानाचा क्रमांक व तारीख द्यावी, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा ताजा टेस्ट रिपोर्ट जोडावा आणि पोच घ्यावी. अर्ज केलेली सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित असेल तर ठरलेल्या मुदतीत ती न मिळाल्यास प्रथम अपील, द्वितीय अपील आणि शेवटी आयोग असा मार्ग आहे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सेवा अधिसूचित नसेल तर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात : आपल्या फीची नोंद कोणत्या तारखेला झाली, त्या वर्षी फी भरलेल्या किती मांडण्यांची तपासणी झाली आणि किती शिल्लक आहेत. आमचा अनुभव असा की, उत्तर येण्याच्या आधी बऱ्याचदा निरीक्षकच येतात.

आपल्या पत्रामागचा राग समजण्यासारखा आहे, कारण येथे तागडी सरळ नाही. ग्राहकाने नोटिशीतील तारखेपर्यंत फी भरली नाही तर निरीक्षकाच्या निर्देशावरून त्याचा पुरवठा तोडता येतो. अर्थात वीज कंपनीने पूर्ण सात दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय तसे करता येत नाही, ही तरतूद 1956 पासून चालत आलेली आहे आणि ती प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी. पण फी घेऊन तपासणी न करणाऱ्या यंत्रणेवर त्याच तोडीचा काही परिणाम होतो काय? आगाऊ फीच्या नियमाला जोडून, ठरावीक महिन्यांत तपासणी न झाल्यास तीच फी पुढील नियतकालिक तपासणीसाठी आपोआप धरली जाईल, एवढी एक ओळ शासनाने अधिसूचनेत घातली तरी पुष्कळ काम होईल.

दरम्यान लग्नसराई आहे. तपासणीची वाट न पाहता मंडपवाल्याची तात्पुरती जोडणी आपल्या मुख्य पॅनलमधून आरसीसीबीशिवाय (गळती प्रवाह होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय) घेऊ देऊ नका. ओल्या हिरवळीवर उभा असलेला पाहुणा आणि लोखंडी खांबावर लोंबणारी दिव्यांची माळ ही जोडी वाईट असते.

प्रश्न : आमचे लहानसे लेखापाल कार्यालय आहे. आता स्वयंप्रमाणनाची सोय आहे असे कळले. तसे असेल तर सरकारी फी का भरायची? (ठाणे)

उत्तर : सोय आहे, पण ती सरसकट नाही. राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या व्होल्टेजपर्यंतच्या मांडणीची तपासणी मालक वा ग्राहक स्वतः करवून घेऊन प्रमाणित करू शकतो आणि त्यासाठी शासनाने प्राधिकृत केलेल्या चार्टर्ड विद्युत सुरक्षा अभियंत्याची मदत घेऊ शकतो. त्या व्होल्टेजच्या वरच्या मांडण्यांना विद्युत निरीक्षकाची तपासणी चुकत नाही. खालच्या मर्यादेत बसणाऱ्यालाही निरीक्षकाकडून तपासणी करून घेण्याचा पर्याय खुला असतो.

खर्चाची तुलना करताना एक गोष्ट आपल्यासारख्यांना सांगायला नको, तरी इतर वाचकांसाठी सांगतो. खासगी अभियंत्याच्या देयकावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. कायद्याने आवश्यक असलेल्या सुरक्षा तपासणीसाठी शासन जी सेवा देते, तिला मात्र 2017 च्या अधिसूचनेने सूट दिलेली आहे. शिवाय खासगी अभियंत्याचा दर शासन ठरवत नाही, तो बाजार ठरवतो. आणि ज्या बाजारात गिऱ्हाईकाला फक्त सही हवी असते, त्या बाजारात सर्वांत स्वस्त सहीच जिंकते. प्रमाणपत्रासोबत मोजणीचे आकडे मागावेत : प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध, अर्थिंगचा रोध, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला तुटली. लघुदाब मांडणीवर 500 व्होल्टचा मेगर लावून रोध निदान 1 मेगाओहम यावा, हा जुना नियम आहे. प्रत्येक सर्किटला नेमका सारखाच आकडा लिहिला असेल, तर मेगर पेटीतून बाहेर निघालाच नाही असे खुशाल समजावे.

प्रश्न : मी परवानाधारक ठेकेदार आहे. निरीक्षक दोष दाखवून जातात, आम्ही ते दुरुस्त करतो, पुन्हा पाहणी होते. फेरतपासणीला पुन्हा फी घ्यावी काय? ग्राहक नेहमी आमच्यावरच चिडतो. (जळगाव)

उत्तर : आमच्या मते पहिली फेरतपासणी मूळ फीतच असावी, दुसरीपासून घ्यावी. पहिल्या खेपेला दोष सापडणे हे तपासणीचे यश आहे. त्यासाठी ग्राहकाला दंड केल्यासारखे झाले, तर पुढच्या खेपेला तो दोष झाकूनच ठेवील. पण यादी हातात असूनही दुसऱ्यांदा तोच उघडा जॉइंट सापडला, तर निरीक्षकाचा वाया गेलेला दिवस ज्याने वाया घालवला त्याच्याच खात्यावर पडावा. तो ग्राहक की ठेकेदार, हे आपल्या करारावर अवलंबून आहे, म्हणून काम घेतानाच ते लिहून घ्यावे.

निरीक्षकाने दाखवलेला दोष आपल्याला मान्य नसेल, तर वाद घालत बसण्यापेक्षा अपील करावे. अन्य तरतूद नसल्यास निरीक्षकाच्या निर्णयावर शासनाकडे, किंवा शासनाने तसा आदेश दिला असल्यास वीज नियामक आयोगाकडे दाद मागता येते, असे कलम 162 मध्येच म्हटले आहे.

प्रश्न : अग्निशमनाचा दाखला आम्ही दर सहा महिन्यांनी देतो. त्यात वीज येत नाही का? (पनवेल)

उत्तर : येत नाही. जानेवारी आणि जुलैमध्ये आपण देता तो ‘नमुना ब’ महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 खालचा आहे. तो अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याबद्दल असतो. उद्वाहनांचीही (लिफ्टची) तशीच गोष्ट : त्यांचा कायदा वेगळा, त्यांची फी वेगळी. वीज, आग आणि उद्वाहन या तीन तपासण्यांचा एकच दिवस आणि एकच चालान असावे ही आपल्या पत्रातील सूचना चांगली आहे, ती शासनाला अवश्य कळवा.

प्रश्न : आमच्या कारकुनाने तपासणीची फी शासनाच्या ‘ग्रास’ या ऑनलाइन भरणा प्रणालीवर भरताना चुकून वीज शुल्काच्या शीर्षाखाली भरली. कार्यालय म्हणते, फी जमा नाही, पुन्हा भरा. (रत्नागिरी)

उत्तर : लगेच पुन्हा भरू नका. पैसे शासनाच्याच तिजोरीत आहेत, फक्त चुकीच्या कप्प्यात. चालानावरील जीआरएन क्रमांक, रक्कम, भरलेले शीर्ष आणि अपेक्षित शीर्ष लिहून विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाकडे लेखाशीर्ष दुरुस्तीचा अर्ज करा आणि त्याची एक प्रत कोषागारात द्या. नोटिशीतील शेवटची तारीख जवळ आली असेल, तर हाच अर्ज पोच घेऊन वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयातही द्या, म्हणजे फी थकल्याच्या कारणावरून सात दिवसांची नोटीस निघण्यापूर्वी आपले म्हणणे त्यांच्या नोंदीत राहील.